मदत हवी आहे: लॅक्टोमीटरला घरी ३०, डेअरीत २८. दूध तेच!

नमस्कार मंडळी. तालुका वाळवा, जिल्हा सांगली. दारात दोन गायी, सकाळचं दूध बारा लिटरच्या आसपास. धार काढली की किटली लगेच डेअरीत जाते, तिथं लॅक्टोमीटरवर (दुधाची घनता मोजायची तरंगती नळी) डिग्री, म्हणजे तिच्यावरचा आकडा, २८ लागते. त्याच किटलीतलं चहापुरतं पातेल्यात ठेवलेलं दूध मी नऊ वाजता घरच्या लॅक्टोमीटरवर बघतो, तर ३०. रोजचंच झालंय.

दोन डिग्रीचं काय एवढं? हिशेब बघा. एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, टक्क्यांत) काढताना डिग्रीला ४ नं भागायचं, त्यात फॅट गुणिले ०.२१ मिळवायचं, वर ०.३६. आमची फॅट ३.८. म्हणजे २८ ला एसएनएफ ८.१६ आणि ३० ला ८.६६. गायीला ८.५ धरतात, त्याच्या खाली गेलं की दर तुटला.

आबा म्हणतात, बारा लिटरला आणि अर्ध्या लिटरला डिग्री सारखी लागेलच कशी? बारावीतली मुलगी म्हणते, "घनता ही इंटेन्सिव्ह प्रॉपर्टी आहे आबा. वाटीभर घ्या नाहीतर टँकरभर, तेवढीच." तिचं मला पटतं. ३० डिग्रीच्या ९ लिटरमध्ये २६ डिग्रीचं ३ लिटर ओतलं तर लिटर १२ होतात, डिग्री मात्र २९ च्या आसपास, ५६ नव्हे.

मग दोन डिग्री गेली कुठं? पाण्याचा थेंब नाही, गळ्याशपथ. भांडायला जायच्या आधी विचारतोय.

प्रतिसाद: दादा, पोरगी बरोबर आहे, पण अर्धंच बोलली. घनता दूध किती आहे त्यावर ठरत नाही, किती गरम आहे त्यावर ठरते. धारोष्ण दूध ३७-३८ अंशांचं. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानासाठी आहे ते त्याच्यावरच छापलेलं असतं. २७ असेल तर दर अंशाला साधारण ०.२ डिग्री कमी दिसते, म्हणजे दहा अंशांना तुमची दोन गेलीच. शिवाय ताज्या दुधात हवा अडकलेली असते, तीही डिग्री पाडते. आणि घरचं दूध ढवळून बघता ना? साय वर राहिली की खालचं दूध जड लागतं, फुकटची डिग्री चढते.

धागाकर्ता: ढवळत नव्हतो, खरं सांगतो. आज किटलीतलं अर्धा लिटर डेअरीतच बाटलीत ठेवलं, दोन तासांनी हलवून त्यांच्याच लॅक्टोमीटरवर बघितलं: २९.५. त्यांच्याकडे थर्मामीटर नाही, आणि रोज दोन तास कोण थांबणार? तापमानाच्या दुरुस्तीचा तक्ता कुणाकडे असेल तर इथं टाका, छापून भिंतीला लावायला देतो. आबांचं अजून तेच, "आख्ख्या किटलीत बुडवून बघा."