एअरगनचा ट्रिगर घरी हलका करणे : हौस की हात दाखवून अवलक्षण?

मोकळा छर्रा :
नवी ब्रेक बॅरल स्प्रिंगर (नळी मोडून स्प्रिंग दाबायची एअरगन) घेतली की आठवड्याभरात प्रश्न येतोच, "ट्रिगर फार जड आहे, कमी कसा करू?" आणि कोणीतरी लगेच व्हिडिओ पाठवतो. स्टॉक (लाकडी किंवा प्लास्टिकचा दस्ता) काढा, पिना ठोका, सिअरवर, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत पिस्टन अडवून धरणाऱ्या तुकड्यावर, पॉलिश पेपर मारा, झालं. माझं मत : हे घरी करू नये. कंपनीने बाहेर स्क्रू ठेवला असेल तर पुस्तिकेत सांगितलाय तेवढाच फिरवावा. तोसुद्धा बऱ्याच मॉडेलमध्ये ट्रिगरच्या पहिल्या टप्प्याची लांबी बदलतो, वजन नाही. लोक वजन कमी होईल म्हणून पिळत बसतात.

कारण सांगतो. बॅरल मोडून कॉक केलं की पिस्टन मागे जातो, स्प्रिंग दबते आणि तो सगळा ताण सिअरच्या एका बारीक कडेवर थांबतो. दोन पोलादी कडा एकमेकींत किती अडकल्यात हा मिलिमीटरच्या अंशाचा हिशेब आहे. ती पकड कमी केली की ट्रिगर झकास लागतो, यात वाद नाही. पण अनेक गनमध्ये या भागांना वरवरचंच पाणी दिलेलं असतं. घासताना तो कडक थर गेला की खाली मऊ पोलाद. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. छर्र्यांचे दोन-चार डबे संपले की कड गोल होते आणि मग बोट ट्रिगरवर नसतानाही गन सुटू शकते.

सगळ्यात वाईट वेळ लोड करतानाची. बॅरल मोडलेली, अंगठा ब्रीचवर (छर्रा घालायच्या तोंडावर), आणि सिअर निसटला तर बॅरल फाडकन वर येते. बोट चेंगरतं, कधी स्टॉकही तडकतो. साइडलीव्हरमध्ये (बाजूचा दांडा ओढून कॉक करायची गन) सिलिंडरच पुढे सरकतो आणि आपलं बोट नेमकं त्याच फटीत असतं. म्हणून तर त्या गनना सिलिंडर अडवून धरणारा वेगळा खटका दिलेला असतो. ट्रिगर हलका करणारे महाभाग कधीकधी तोही "आवाज करतो" म्हणून काढून टाकतात!

पंचगंगाकाठचा :
भावा, सगळं खरं, पण हे महागड्या गनवाल्यांचं शहाणपण झालं. आमच्या स्वस्त गनला स्क्रूच नाही. बॅगा मोजायचा हुकाचा काटा ट्रिगरला लावून ओढला तर चार किलोच्या वर गेला. गन स्वतः तीन किलोची! एवढं ओढताना नळी उजवीकडे पळणारच, आणि छर्रा टार्गेट सोडून भिंतीच्या पल्याड. ह्यो धोका न्हाई व्हय?

आणि द्यायची कुणाकडं? बंदुकीच्या दुकानात गेलो तर "एअरगन व्हय? ठेवून जा, बघू." तिथला पोरगाबी तोच पॉलिश पेपर मारणार. मी शिरोली एमआयडीसीत टूलरूमला हाय. दिवसभर मायक्रॉनमधी काम करतो. कडेचा कोन न बदलता नुसता खरखरीतपणा काढणं आणि कड कापणं यात जमीन-अस्मानाचा फरक हाय. सरसकट "हात लावू नका" म्हणणं म्हंजे सायकलची चेनबी शोरूमला नेऊन बसवा म्हणण्यासारखं.

सहा_तास_स्टँडिंग :
मी दहा मीटर नेमबाजी खेळते, आता मुलांना शिकवते, म्हणून दोन गोष्टी. "ऑलिम्पिकवाले इतका हलका ट्रिगर वापरतात, मग आम्ही का नाही" हे पालक कायम विचारतात. एअर पिस्तुलला किमान ५०० ग्रॅमचा नियम आहे, सामन्याआधी वजन लटकवून तपासतात. एअर रायफलला किमान मर्यादाच नाही. पण त्या ट्रिगरची रचना मुळात त्यासाठी केलेली असते, आणि रेंजवर नळी कायम टार्गेटकडे, फायरिंग नसताना नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी). तुमच्या गच्चीवर यातलं काय असतं?

दुसरं, पंचगंगाकाठचे दादा, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. पण व्हिडिओ बघणारा प्रत्येकजण टूलरूमला नसतो. अकरावीतला मुलगा नेलफाइल घेऊन बसतो. आणि जड ट्रिगरवरच बोट सरळ मागे ओढायला शिकता येतं, पहिल्या वर्षी तेच हवं असतं.

बिनधास्त बाळू :
काय राव, लायसनसुद्धा लागत नाही त्या गोष्टीवर एवढा काथ्याकूट! सेफ्टी लावून ठेवा की, विषय संपला.

मोकळा छर्रा :
@बाळू, ४.५ मिमी आणि २० जूलच्या आतली असली की परवाना लागत नाही, एवढंच कायदा सांगतो. डोळा जायला त्याहून पुष्कळ कमी पुरतं. आणि सेफ्टीचं म्हणाल तर बऱ्याच गनमध्ये ती फक्त ट्रिगरचं पातं अडवते. झिजलेला सिअर आतून निसटला तर सेफ्टी लावलेली असूनही गोळी सुटते.

@पंचगंगाकाठचा, कोन न बदलण्याचा मुद्दा मान्य. पण कडक थर किती जाड आहे हे तुम्हाला बाहेरून कसं दिसतं? आणि तो काटा लावताना नळीत छर्रा होता का? नसेल तर तुम्ही रिकामी सोडलीत. स्प्रिंगरमध्ये छर्रा नसला की पिस्टनपुढे हवेची गादी होत नाही, तो सरळ आदळतो. पिस्टनचं सील जातं, स्प्रिंगवरही परिणाम होतो.

पंचगंगाकाठचा :
छर्रा घालूनच मोजलं, पुढं वाळूचं पोतं ठेवून. एवढं कळतंय हो. थर दिसत न्हाई, कबूल. म्हणून तर मी सिअरला हात न लावता नुसतं पिनांचं आणि पात्याच्या बाजूचं घर्षण कमी केलं, ग्रीस बदललं. चारवरनं तीनच्या जवळ आलंय. त्याखाली न्यायचं तर आख्खा ट्रिगर युनिटच बदलावा, ह्ये माझंबी मत. पण "घरी करूच नये" ह्ये न्हाई पटत.

सहा_तास_स्टँडिंग :
ग्रीस आणि पिना इथवर माझीही हरकत नाही. काम झाल्यावर नळी पोत्याकडे ठेवून कॉक करा, बॅरल बंद, बोट बाहेर, आणि बटला (दस्त्याच्या मागच्या टोकाला) रबरी हातोडीने टकटक करून बघा. सुटली तर ती गन वापरायची नाही. ही तपासणीही छर्रा घालूनच. आणि लोड करताना एका हाताने बॅरल घट्ट धरून ठेवायची, ट्रिगरला हात लावलेला असो वा नसो. त्यावर तरी दोघांचं भांडण नसावं.

पंचगंगाकाठचा :
न्हाई. ते पोरास्नी पहिल्या दिवशी सांगतो.

नवशिक्या_सांगली :
माझ्या गनला मागे दोन स्क्रू आहेत, एकावर लाल रंग लावलाय. कोणता फिरवू?

मोकळा छर्रा :
आधी मॉडेल सांगा आणि फोटो टाका. लाल रंगाच्या स्क्रूला तोवर पाना लावू नका.