लॅबमध्ये उबुंटू आलं, एकही प्रॅक्टिकल चालत नाहीये. तातडीने मदत हवी

लॅबवाली
नमस्कार. कॉलेजने दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या पीसींवर विंडोज काढून उबुंटू (लिनक्स) टाकून घेतलं. आता मुलांचा एकही प्रोग्रॅम कंपाइल होत नाही, पहिल्याच ओळीला एरर. सोमवारपासून प्रॅक्टिकल परीक्षा आहे. "विंडोज परत टाका" असं कृपया सांगू नका, ते माझ्या हातात नाही. ट्रेनमध्ये आहे, ठाण्यापर्यंत उत्तरं बघू शकेन.

चहाबाज
कुठली भाषा? एरर काय? उबुंटू कितवं? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यावर तो काय देणार?

लॅबवाली
सी आणि सी++, अजून काय असणार! कोनियो डॉट एच सापडत नाही म्हणतंय.

जुनाखोंड
हात्तिच्या, म्हणजे टर्बो सी++, तो जुना डॉसवरचा कंपायलर! डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं डॉसबॉक्स टाका, त्यात टर्बो सुरळीत चालतं. तीच निळी स्क्रीन, तेच एफ९. मुलांना फरकही कळणार नाही. विषय संपला.

पवईचा_पक्षी
म्हणजे लिनक्स घ्यायचं आणि त्यावर डॉसचं सोंग आणायचं? टर्बो सी++ ३.० हा १९९१ चा कंपायलर आहे, सी++ चं पहिलं प्रमाण आलं १९९८ मध्ये. कंपनीत गेलेल्या पोराला तिथे टर्बोच्या सवयीचं व्हॉइड मेन लिहिताना बघितलंय मी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये जीसीसीवर (लिनक्सवरचा कंपायलर) सी आणि सी++ शिकवलंय, मराठीतूनही आहे. मुलांना तेच दाखवा.

जुनाखोंड
परीक्षा सोमवारी आणि हे व्हिडिओ बघायला सांगतायत. पवईत सोमवार उशिरा येतो वाटतं.

मुक्तछंद
मुळात कॉलेजने हे "फुकट" म्हणून घेतलं असेल तर पायाच चुकला. फ्री म्हणजे फुकट नव्हे, मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू ही मुक्त प्रणाली जाहीर केली ती पैसे वाचवायला नव्हे. केरळने सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर नेलं, आपण अजून

लॅबवाली
दादा, परीक्षा.

आईचा_अर्णव
धागा चांगला आहे. मुलगा बारावीला आहे, कॉम्प्युटर सायन्स घ्यावं की एआय? आणि लॅपटॉप ८ जीबीचा पुरेल का?

शाईसंपली
मी लॅब असिस्टंट. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झालं. कोनियोची ओळ काढा, क्लरएससीआर काढा, शेवटच्या गेटसीएचच्या जागी गेटचार. व्हॉइड मेनचं इंट मेन करा. सी++ असेल तर आयोस्ट्रीमपुढचं डॉट एच उडवा आणि खाली युजिंग नेमस्पेस एसटीडी लिहा. सीमध्ये वर्गमूळ वगैरे असेल तर कंपाइल करताना सगळ्यात शेवटी "-एलएम" द्या, नाहीतर "अनडिफाइन्ड रेफरन्स" म्हणून ओरडतं. साध्या प्रोग्रॅमना एवढं पुरतं. ग्राफिक्स नाही ना?

लॅबवाली
आहे की. एसवायला (दुसऱ्या वर्षाला) ब्रेसनहॅमच्या रेषा काढण्यापासून सगळं. सांगायला हवं होतं का?

चहाबाज
नाही नाही, आम्ही पत्रिका मांडून ओळखलं असतं.

शाईसंपली
टर्बोच्या ग्राफिक्ससाठी लिबग्राफ लायब्ररीच्या नादी लागू नका, नव्या उबुंटूवर ते बिल्ड करताना जीव जातो. त्याऐवजी एसडीएल-बीजीआय ही लायब्ररी घ्या. इनिटग्राफ, लाइन, सर्कल, पुटपिक्सेल सगळी नावं तीच. इनिटग्राफमध्ये तिसऱ्या जागी तो सी ड्राइव्हचा पत्ता असतो ना, तिथे रिकामं अवतरण ठेवा. आधी एकाच मशीनवर करून बघा. लॅबला इंटरनेट आहे ना? आणि सुडोचा, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्ड कोणाकडे?

लॅबवाली
इंटरनेट आहे. पासवर्ड ज्या मुलाने इन्स्टॉल केलं त्याच्याकडे. तो गावी गेलाय, फोन लागत नाही.

पवईचा_पक्षी
धन्य. मशीन सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा (बूटचा) मेनू आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, रिकव्हरी मोड, रूट. "माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /" दिलं की मग "पासडब्ल्यूडी" आणि त्या मुलाचं यूजरनेम. नवा पासवर्ड विचारेल. हे मुलांसमोर करू नका, पुढच्या तासाला लॅब त्यांची होईल.

खडूफळा
अवांतर: आमच्या ऑफिसात लिबरऑफिस आल्यापासून जुन्या फॉन्टमधली परिपत्रकं कुत्र्याने टंकल्यासारखी दिसतात. उपाय?

चहाबाज
तो फॉन्ट युनिकोड नाही, मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागेल. वेगळा धागा काढा, इथे आग लागलीय.

लॅबवाली
काल रात्री साडेआठपर्यंत बसून ३० पैकी २७ मशीन झाल्या. शाईसंपली, दंडवत! ब्रेसनहॅमसुद्धा चालला. आता नवीनच. ८ चं फॅक्टोरियल ४०३२० येतंय. जर्नलमध्ये -२५२१६ आहे, आणि खाली सरांची सही.

चहाबाज
टर्बोत इंट (पूर्णांक) दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढे गेला की उलटतो. ४०३२० वजा ६५५३६ करून बघा. जीसीसीत तो चार बाइटचा. ४०३२० च बरोबर. आणि फॅक्टोरियल उणे आलेलं सही करताना कोणाला खटकलं नाही?

लॅबवाली
सही करणाऱ्या सरांना कशाला मधे आणता. मला एवढंच सांगा, एक्स्टर्नल परीक्षकाने आउटपुट जर्नलशी ताडून बघितला तर मार्क कोणाचे कापले जातील?

जुनाखोंड
म्हणूनच म्हणत होतो, डॉसबॉक्स.