रि: आईबाबांना कयाकिंगला कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी,
आईबाबा पुण्याहून आलेत, शनिवारी त्यांना कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, जरा पाण्यावर न्यायचंय. पण दोघांनाही पोहता येत नाही आणि इथल्या सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर मोटरबोटी गेल्या की लाटा येतात, आई तिथेच नाही म्हणेल. शांत जागा सुचवा ना. आणि आई साडीच नेसते, चालेल का?
(रेडमंड)

---

अरे दादा, बिनधास्त ने! मोठ्या लेकमधे आत जाऊच नकोस, बेलव्ह्यूच्या एनाताई बीच पार्कवरून निघ आणि आय-९० हायवेच्या पुलाखालून मर्सर स्लू या दलदलीतल्या संथ प्रवाहात शीर, सुरुवातीला डोक्यावर गाड्यांचा घोंघाट असतो पण जसजसं आत जाशील तसा तो कमी होतो आणि मग दोन्ही बाजूंना नुसती झाडं, लव्हाळी, पांढरी कमळं, ओंडक्यावर ऊन खात बसलेली कासवं. ग्रेट ब्लू हेरॉन तर दिसतोच, आपल्या राखी बगळ्याचाच मोठा भाऊबंद, बाबांना पक्ष्यांची आवड असेल तर दुर्बीण घ्या. १९१६ मधे लेकपासून समुद्रापर्यंत जहाजांसाठी शिप कॅनॉल झाला तेव्हा लेक वॉशिंग्टनची पातळी जवळपास ९ फुटांनी उतरली, त्याआधी इथली बरीचशी दलदल लेकच्या पाण्याखाली होती, मला ही गोष्ट फार आवडते म्हणून प्रत्येकाला सांगते.

सकाळीच जा, दुपारी वारा सुटला की परतताना तोंडावर येऊ शकतो आणि हात भरून येतात. डबल, म्हणजे दोघांची कयाक घ्या, आईबाबांना एकेक करून ने, तू मागे बस म्हणजे दिशा तुझ्या हातात राहते. लाइफ जॅकेटचं म्हणशील तर कायद्याने १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी घालायलाच लागतं, मोठ्यांसाठी नुसतं बोटीत असलं तरी चालतं, पण तू दोघांनाही घालायलाच लाव आणि बकल ओढून बघ. इथे बाहेर कितीही ऊन असलं तरी पाणी गार असतं.
(बेलव्ह्यू)

---

साडी नको रे बाळा, पाय पुढे पसरून बसायचं असतं, निऱ्या ओल्या होतात आणि उतरताना पायात येतात. पंजाबी ड्रेस, ओढणी गाडीत, पट्ट्याच्या सँडल. मी अडुसष्टची आहे, पुढे बसते, दमले की वल्हं मांडीवर ठेवते आणि मुलगा मागून वल्हवतो. इतकं निवांत मला इथे दुसरीकडे कुठेच वाटत नाही, आईला माझं नाव सांग आणि घेऊन जाच. चढताना काठाशी कयाक कुणीतरी घट्ट धरून ठेवा, आधी मधोमध बूड टेकायचं, मग पाय आत.
(कर्कलंड)

---

काकू, ताई, थँक्यू! आईला तुमची मेल वाचून दाखवली, ड्रेसला तयार झाली. दशम्या आणि चटणी घेतोय, स्वतःची कयाक आहे म्हणून अजून काही बघायला लागतं का?
(रेडमंड)

---

हो, परत आल्यावर कयाकला आणि वल्ह्याला चिकटलेलं गवत काढून तिथेच कचऱ्यात टाक. मिलफॉइल नावाच्या पाणगवताचा एवढासा तुकडा दुसऱ्या लेकमधे गेला तरी रुजतो.
(बेलव्ह्यू)