जागेपणातून थेट स्वप्नात जायचं आहे, पण दर वेळी उंबरठ्यावरून परत येतो

पहाटपक्षी

"हे स्वप्न आहे" असं स्वप्नातच उमगण्याचा अनुभव मला लहानपणापासून येतो. वर्षातून तीन-चारदा, तोही आपोआप. आता मात्र मधे शुद्ध हरपू न देता, जागा असतानाच स्वप्नात उतरायचा सराव चालवला आहे. २२ रात्री झाल्या. रोज वहीत टिपतो, म्हणून आकडा नक्की सांगता येतो.

रात्री साडेदहाला पडलो की लगेच सुरुवात करतो. उताणा, हात बाजूला, श्वास मोजत. काही वेळाने मिटल्या डोळ्यांपुढे जांभळट ढग सरकायला लागतात, मग जाळीसारखे आकार, कधी अर्धवट चेहरे. हात कुठे संपला आणि गादी कुठे सुरू झाली ते कळेनासं होतं. आणि नेमकं तेव्हाच मनात येतं, "आलं, आलं!" छाती धडधडते, तोंडात लाळ साठते, गिळली की सगळं पुसलं जातं. असं झालं नाही तर मोजता मोजता झोप लागते आणि डोळे थेट सकाळी उघडतात.

सतराव्या रात्री वेगळंच झालं. पहाटे तहानेने जाग आली, पाणी पिऊन परत पडलो. सराव करायचं डोक्यातही नव्हतं. एकदम अंगभर मुंग्यांसारखी थरथर उठली, कानात घोंघावल्यासारखा मोठा आवाज, आणि हलता येईना. घाबरून सगळा जोर लावून करंगळी हलवली तेव्हा सुटलो. ते काय होतं? धोक्याचं आहे का? आणि माझं चुकतंय कुठे?

निद्रावही

तुमचं उत्तर त्या सतराव्या रात्रीतच आहे. बाकीच्या २१ रात्री तुम्ही चुकीच्या वेळी दार ठोठावत होता.

झोपेची एक फेरी साधारण ९० मिनिटांची. रात्रीच्या पहिल्या फेरीत गाढ झोप जास्त, आणि ज्या झोपेत स्वप्नं रंगतात ती रेम झोप जेमतेम काही मिनिटं. पहाटेकडे हे प्रमाण उलटत जातं. साडेदहाला दिसणारे ढग आणि चेहरे खरे आहेत, पण त्यांच्या पलीकडे त्या वेळी गाढ झोप आहे. तिथे शुद्ध टिकवणं जवळपास अशक्य. म्हणून आधी पाचेक तास नीट झोपा, मग गजर लावून उठा, मंद उजेडात वीस-तीस मिनिटं बसा (फोन नको, तो पूर्ण जागं करतो) आणि परत पडा.

आता ती थरथर. रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण खरोखर पळालो असतो. तुम्ही ते जागेपणी अनुभवलंत. श्वासाचा पडदा आणि डोळे हलवणारे स्नायू यातून सुटतात, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटलं तरी श्वास चालूच असतो. डोळे मोकळे राहतात यावरच तर स्वप्नात शुद्ध टिकते हे सिद्ध झालं. १९७५ मध्ये इंग्लंडातल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगशाळेत ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नातून, आधी ठरवल्याप्रमाणे, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण केली. यंत्रावर त्याच वेळी रेम झोप नोंदली जात होती. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं. या खुणेबद्दल वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता. आत गेलेला माणूस बाहेर निरोप देऊ शकतो!

लाळेचं म्हणाल तर खुशाल गिळा, कुशीवर वळा. पुतळ्यासारखं पडून राहायची गरज नाही. अडचण "आलं, आलं" म्हणणाऱ्या मनाची आहे. त्याला काम द्या. मी दोरी धरून वर चढतोय असं हातांना जाणवू देतो: दोरीचा खरखरीतपणा, तळव्यावरचा ताण. चित्र बघत बसलं की माणूस प्रेक्षक होतो. हाताला काही लागलं की तो आपोआप आत असतो.

आणि "जमलं नाही" म्हणून उठाल तेव्हा नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा. मी एकदा वैतागून उठलो, दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागेना. तीनदा दाबलं. शेवटी नाक दाबलं तर श्वास आरामात आत जात होता. मी केव्हाच स्वप्नात होतो.

सावकाश

थरथर निरुपद्रवी असते हे खरं, पण मला त्या अवस्थेत खोलीत कोणीतरी उभं आहे असं दिसायचं. तेव्हा करंगळीशी झटापट करू नका, श्वास लांब सोडा, ते ओसरतं. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की रोज गजर लावू नका. मी सलग दोन आठवडे लावला आणि दिवसा गाडी चालवताना डोळे मिटायला लागले, तेव्हा थांबलो. आठवड्यातून दोनदा, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच. भास किंवा झोपेचा आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

पहाटपक्षी

अकरा दिवसांनी लिहितोय. गजर चारदाच लावला. तीनदा नुसती झोप लागली.

आज पहाटे थरथर आली तेव्हा दोरी धरली. आवाज वाढत गेला आणि एकदम थांबला. हातात दोरी होती, ओली. पायाखाली गवत. नाक दाबलं, श्वास आत गेला. पळावं, उडावं असं काहीच सुचलं नाही, गवताकडेच बघत राहिलो, एकेक पातं वेगळं दिसत होतं. मग ती खूण आठवली आणि डोळे डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे फिरवले. नोंदवणारं यंत्र नव्हतं, तरी फिरवले. तेवढ्यात दृश्य विरलं. अर्धा मिनिट असेल.

वहीत तीन पानं लिहून झाली आहेत. आता पुढच्या सुट्टीच्या आधी गजर नाही.