आपल्या काळ्या दगडात निकेल असतं का? (पाटण, जि. सातारा)

पाटणचा_शेतकरी:
राम राम मंडळी. यंदा विहीर १५ फूट अजून खाली नेली तर काळ्या दगडाच्या भोकांत हिरवा मऊ थर लागला, नखानं खरवडला की साबणासारखा भुगा निघतो. एक जण म्हणाला हे निकेल, तपासायचे पैसे द्या. रशियात नोरिल्स्कला निकेलचा मोठा साठा आहे आणि तिथंही आपल्यासारखाच काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, आहे असं वाचलं, मग आपल्याकडं का नसावं?

विट्याचा_दगडवाला:
पैसे अजिबात देऊ नका दादा. वर्णनावरून हा सेलाडोनाइट नावाचा खनिज वाटतोय, त्याचा हिरवा रंग लोखंडाचा, आपल्याकडं ढिगानं सापडतो. पण प्रश्न लय भारी विचारलात. नोरिल्स्कचा बेसाल्ट साधारण २५ कोटी वर्षांचा, आपला ६.६ कोटींचा, जात जवळची, पण तिथं निकेल लाव्ह्याच्या थरांत नाही, लाव्हा ज्या वाटेनं वर आला त्या वाटेत, जमिनीखालीच थिजलेल्या गॅब्रोसारख्या भरड खडकांत आहे. वर येताना मॅग्मानं, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकानं, ॲनहायड्राइटसारख्या गंधकवाल्या खडकांतलं गंधक उचललं, गंधक जास्त झालं की आमटीवरच्या तवंगासारखे सल्फाइडचे, म्हणजे गंधक-धातूचे, थेंब वेगळे होतात, फक्त हा तवंग जड म्हणून तळाला बसतो. वरून नवा मॅग्मा वाहत राहिला की ते थेंब त्यातलं निकेल, तांबं, प्लॅटिनम ओढत राहतात. गंधक कमी पडलं तर निकेल ऑलिव्हिन या खनिजामध्ये विखरून जातं, मग खाण कसली.

पाटणचा_शेतकरी:
म्हणजे आपल्याखाली गंधकाचा खडक नाही?

कोयनाकाठ:
तुमच्याच तालुक्यात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर घेतलेत की. रासाटीला साधारण ९३० मीटर बेसाल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा जुना पायाचा खडक, मध्ये गाळाच्या खडकाचा थरच नाही. निदान तिथं तरी मॅग्माला वाटेत गंधक मिळायची सोय दिसत नाही.

विट्याचा_दगडवाला:
अगदी बरोबर. शिवाय सातारा-सांगलीत आपल्याला दिसतात ते लाव्ह्याचे थर, गॅब्रो बघायचा तर गिरनारला जावं लागतं. आणि दादा, भुग्याला लोहचुंबक लावून कुणी "चिकटलं, म्हणजे निकेल" म्हणालं तर ऐकू नका, बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असतंच, ते चिकटतं.

पाटणचा_शेतकरी:
त्यानं चुंबकच लावून दाखवलेलं! आज फोन करून नको म्हणून सांगतो. भोकांत पांढरे सुईसारखे खडे पण आहेत, उद्या फोटो टाकतो.

कोयनाकाठ:
ते झिओलाइट, म्हणजे बेसाल्टच्या भोकांत वाढणारे स्फटिक, असणार, हातोडा मारू नका, अख्खे काढा.