लिस्बन ते बार्सिलोना: विमानाला नेमका किती वेळ लागतो?

प्रश्न
जूनमध्ये आईला घेऊन लिस्बनहून बार्सिलोनाला जायचंय. जातानाच्या तिकिटावर सुटण्याची वेळ १०:००, पोचण्याची १२:५५. परतताना मात्र १०:०० ला निघून ११:०५ ला पोचतोय! अंतर तेच, मग हे कसं? आईचे गुडघे दुखतात, तीन तास एका जागी बसवत नाही तिला. रेल्वे बरी पडेल का?

उत्तर १
दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या आहेत. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असतं, उन्हाळ्यातसुद्धा. दोन्हीकडून प्रवास साधारण दोनच तासांचा.

उत्तर २
मी चार वर्षं लिस्बनमध्ये होतो, या मार्गावर बरेचदा गेलोय. हवाई अंतर सुमारे १,००० किमी, रस्त्यानं माद्रिदमार्गे साडेबाराशेच्या आसपास. विमान हवेत जेमतेम दीड तास असतं, बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्यात जातो. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, त्यामुळे परतताना थोडा जास्त वेळ लागतो.

पण तो एक तास विसरू नका. पहिल्या खेपेला मी मनगटावरचं घड्याळ बदललंच नाही. बार्सिलोनाच्या सांत्स स्टेशनवर पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात १२:१० वाजले होते आणि गाडी १ ची होती. निवांत कॉफी घेतली. फलकावर बघतो तर १३:२५, गाडी कधीच गेलेली. खरं तर बार्सिलोना ग्रीनिचच्या रेखावृत्तापासून फक्त दोन अंश पूर्वेला आहे, पण १९४० मध्ये स्पेननं घड्याळ एक तास पुढे केलं ते तसंच राहिलं. पोर्तुगालनंही १९९२ ते १९९६ तीच वेळ पाळून पाहिली आणि सोडून दिली.

रेल्वेचं मनातून काढा. लिस्बन-माद्रिद रात्रीची थेट गाडी मार्च २०२० पासून बंद आहे. माद्रिदपासून पुढे अडीच-तीन तासांत छान पोचता येतं, पण माद्रिदपर्यंतच गाड्या बदलत दिवस जातो.

आणि एक मनापासून सांगतो, आईंना त्रास बसण्याचा होणार नाही, चालण्याचा होईल. दोन्ही विमानतळांवर गेटपर्यंत बरंच चालावं लागतं. व्हीलचेअर मागवा. युरोपीय संघाच्या नियमानुसार ती मदत मोफत असते, फक्त ४८ तास आधी कळवायचं. सीट कडेची, मधल्या वाटेलगतची घ्या, म्हणजे मधूनमधून उठता येईल.

प्रश्नकर्ती
व्हीलचेअरचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! ४८ तास म्हणजे विमान सुटायच्या आधीचे ना? आणि एकदा सांगितलं की परतीलाही चालतं?

उत्तर २
हो, सुटायच्या वेळेआधीचे. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये असतील तर एकदा सांगून पुरतं. वेगवेगळी काढली असतील तर परतीसाठी पुन्हा कळवा.