जुनी पिकअप घरीच रंगवायची आहे: इनॅमल रोलरने की टू-के स्प्रेने?

जुनी_पिकअप
पिकअप रोज मालवाहतुकीला लागते. टपाचा आणि बोनेटचा रंग मेलाय, हात फिरवला की भुकटी सुटते. दोन्ही दारांच्या खालच्या कडेला गंजाचे फोड आहेत आणि एका मडगार्डवर आधीच्या मालकाने कॅनमधला स्प्रे मारलेला दिसतो. शोरूमची चकाकी नको. गंज थांबावा आणि गाडी एकरंगी दिसावी, एवढंच. अँगल ग्राइंडर आणि २४ लिटरचा कंप्रेसर आहे. काय वापरू, आणि माल किती आणू?

लांबीवाला
या कामाला सिंथेटिक इनॅमल आणि रोलर. पण डबा उघडण्याआधी गाडीवर सध्या कोणता रंग आहे ते तपासा. भुकटी सुटते ती जागा आधी घासून पुसून घ्या, नाहीतर तीच बोळ्याला लागून फसगत होते. मग एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरमध्ये भिजवलेला पांढरा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून बोळ्यावर आला तर एनसी किंवा कॅनचा. सुरकुतून वर आला तर हवेवर वाळणारं इनॅमल. ढिम्म राहिला तर कंपनीचा भट्टीतला रंग किंवा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग), त्यावर काहीही चालतं. इनॅमलवर मात्र एनसी किंवा टू-के कधीच नको, त्यांचा थिनर खालचा थर फुगवतो. मडगार्डवरचा कॅनचा थर पत्र्यापर्यंत काढलेला बरा.

क्रम चुकवू नका: आधी साबणपाणी, मग ग्रीस रिमूव्हर (एका फडक्याने लावा, ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा), आणि मगच पॉलिश पेपर. आधी घासलंत तर जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं आणि तिथे नवा रंग मागे सरकून खळगे पडतात. फिश आय म्हणतात ते हेच.

गंजावर नुसता वायर ब्रश फिरवला की गंज चकचकीत होतो, जात नाही. ग्राइंडरला ८० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावा, एका जागी थांबवू नका. पातळ पत्रा तापला की वाकडा होतो. खड्ड्यात काळे ठिपके उरले तर फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर लावा, पाण्याने धुवा, लगेच वाळवा. ॲसिडचा अंश राहिला तर इपॉक्सी प्रायमर धरत नाही.

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, पुट्टी त्याच्यावर भरा. १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर, बस. जास्त घातलं तर डाग वरच्या रंगातून फुटून येतो. पुट्टी कोरडीच घासा: ८०, मग १८०, मग ३२०. तिच्यावर वॉटर पेपर चालवला तर ती पाणी पिते आणि पुढे फोड येतात.

नोझल_१४
रोलरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, स्प्रेचा हात सपाट बसतो तसा रोलरचा बसत नाही. पण तुमच्या कंप्रेसरचं गणित जमत नाही. एचव्हीएलपी (कमी दाबाने भरपूर हवा सोडणाऱ्या) स्प्रे गनला साधारण ८ ते १२ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, २४ लिटरवाले त्याच्या निम्म्यावर अडखळतात. अर्ध्या दारातच प्रेशर पडतं, रंग थुंकल्यासारखा येतो. स्प्रेच हवा असेल तर एलव्हीएलपी (कमी हवेवर चालणारी) गन, एका वेळी एक पार्ट, आणि वॉटर सेपरेटर कंप्रेसरपासून लांब, गनकडच्या बाजूला. हवा पाइपमध्ये गार झाल्यावरच पाणी सुटतं.

टू-के मात्र सोडून द्या. हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. त्याचा वास येत नाही, त्यामुळे मास्कमधलं कोळशाचं कार्ट्रिज संपलंय हे कळतही नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क घरी कोणाकडे असतो?

जुनी_पिकअप
मग रोलरच. ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) किती येईल? इनॅमल किती पातळ करायचं?

लांबीवाला
४ इंची, घट्ट फोमचा रोलर. इनॅमलमध्ये १५ टक्के टर्पेंटाइनने सुरुवात करा आणि उभ्या काचेवर एक पट्टा मारा. मिनिटभरात बुडबुडे फुटले आणि ओघळ आला नाही, तर जमलं. बुडबुडे राहिले तर थोडं आणखी टर्पेंटाइन. एनसी थिनर घालू नका.

पहिला हात डागाळ, पारदर्शक दिसेल. दिसू द्या. बहुतेक जण तिथेच घाबरून दुसऱ्यांदा रोलर फिरवतात आणि ओघळ आणतात. दोन हातांत २४ तास ठेवा. दर दोन हातांनंतर ८०० चा वॉटर पेपर हलका. पेपरावर रंगाच्या गोळ्या धरल्या तर अजून वाळलेलं नाही, थांबा. असे चार हात. ऑरेंज पील यानेच बसतं, बाकीचं सॅटिन (अर्ध्या चकाकीचं) फिनिश लपवतं. भर उन्हात टप रंगवू नका, आणि पार्टच्या मध्येच थांबू नका. जोडापर्यंत जाऊनच रोलर उचला.

माल: बाहेरून १३ ते १५ चौरस मीटर धरा. एका लिटरमध्ये एक पातळ हात निघतो, म्हणजे ४ लिटर आणि वर एक राखीव. सगळे डबे एका बादलीत एकत्र ढवळून घ्या, डब्याडब्यात छटा फरक पडतो.

हौद्यातला_माल
दारांचं राहिलंच. कडेचे फोड आतून येतात, बाहेरून कितीही रंगवा. दाराच्या तळातली पाणी निघायची भोकं मातीने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. मग स्क्रू ड्रायव्हरने कड टोचून बघा. आरपार गेला तर पुट्टी भरू नका, पत्रा कापून तुकडा वेल्ड करून घ्या. शेवटी त्या कडेत आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण).

हौद्यात आतून हे इनॅमल टिकणार नाही, माल घासटून निघतं. तिथे इपॉक्सी आणि वर बेड लायनर (हौद्यासाठीचा जाड, चिवट थर).

गाडी फार जुनी असेल तर रंगात शिसं असू शकतं; जुना रंग ओला करून घासा, धूळ उडवू नका. इनॅमल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा.

आणि रोजची गाडी आहे म्हणून सांगतो: पहिले तीन-चार आठवडे केबिनवर ताडपत्री किंवा दोर आवळू नका. वरून सुकलेलं इनॅमल आत कोवळंच असतं, दोराची वीण त्यावर कायमची उमटते.